ऐकू येतं, पण वळत नाही

माझ्या खोलीच्या दारावर ‘कान तपासणी’ एवढे दोनच शब्द रंगवलेले होते, तरी लोक आत येऊन आ वासून दात दाखवायचे. कुणी चष्म्याचा नंबर विचारायचे. एका गृहस्थांनी चप्पल काढून पायाचं कुरूप माझ्यासमोर धरलं होतं. मी म्हटलं, इथे कान बघतात. ते म्हणाले, बघा ना, कानही बघा.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘सेवाकाळातल्या हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत. हृद्य किती निघतील ते ठाऊक नाही. माझी बरीचशी नोकरी चिडचिड करण्यात गेली, आणि त्यातली निम्मी माझी माझ्यावरच होती.

वसईतल्या एका ट्रस्टचा तो धर्मादाय दवाखाना. मी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कान तपासायचं वर्षभराचं शिक्षण घेऊन आले आणि तिथे लागले. ही ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. कानाचे डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मी आणि माझं यंत्र. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना काथ्याच्या चटया ठोकल्या होत्या. पण भिंतीपलीकडे एसटी स्टँड. चटयांचा उपयोग एवढाच की पावसाळ्यात त्यांना बुरशी यायची.

मोठ्या माणसाचा कान तपासणं सोपं असतं. कानावर यंत्राचे डबे चढवायचे, आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दोन वर्षांच्या पोराला बटण कोण समजावणार? त्याला आईच्या मांडीवर बसवायचं. समोर दवाखान्यातल्या एखाद्या बाईनं खेळणं हलवून त्याचं लक्ष धरायचं. मी मागे, त्याला दिसणार नाही अशी, त्याच्या कानापासून हातभर अंतरावर उभी. हातात खुळखुळा, मग घंटी, मग पत्र्याचा ढोलका. आवाज झाला की ऐकणारं मूल वळतं. नाही वळलं तर मोठा आवाज, त्याहून मोठा. एवढीच विद्या. पण ती आज्या होऊ देत नसत. मी घंटी वाजवायच्या आधीच आजी नातवाला कोपरानं ढोसून मागे बोट दाखवायची आणि मग अभिमानानं माझ्याकडे बघायची, बघा, वळला.

रेजिना पहिल्यांदा आली तेव्हा एकटीच आली होती, म्हणून मला बरं वाटलं. राजोडीची, पंचविशीतली बाई. नवरा बावतीस केळी आणि पानवेलीची वाडी करायचा. मांडीवर अडीच वर्षांचा पास्कू. गोरा, देखणा, आणि हातात कसल्याशा बरणीचं झाकण. ते तो जमिनीवर भिंगरीसारखं फिरवायचा, आडवं पडलं की परत फिरवायचा. नावानं हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, म्हणून चर्चच्या फादरांनी कान दाखवायला पाठवलं होतं.

मी खुळखुळा वाजवला. घंटी वाजवली. पत्र्याचा ढोलका असा बडवला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. पास्कूची पापणी हलली नाही.

“पन त्याला ऐकू येतं बाय,” रेजिना म्हणाली. “बावखलावरचा पंप चालू झाला की घरातनं धावत सुटतो.” बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. ते तिच्या घरापासून चांगलं लांब होतं.

मी तिला सांगितलं की सगळ्याच आया असं म्हणतात. ते खरंही होतं. बहिऱ्या मुलाला जमिनीची थरथर कळते, सावली कळते, आईला वाटतं ऐकू आलं. हे सगळं मी तिला शिकल्या माणसाच्या सुरात समजावलं आणि कागदावर लिहिलं: दोन्ही कान, तीव्र बहिरेपणा. डॉक्टरांनी न बघता सही केली. ट्रस्टकडून पास्कूला यंत्र मिळालं. छातीवर बांधायची डबी आणि तिच्यातून कानात जाणाऱ्या दोन वायरी.

महिन्याभरात रेजिना परत आली. यंत्र लावलं की पोर किंचाळतं, वायरी उपटून टाकतं. मी म्हटलं, सगळी करतात, सवय होईल, काढू देऊ नका. तिनं विचारलं, कसं काढू देऊ नको? मीच उपाय सांगितला: हातांत मोजे चढवून मनगटाला नाडी बांधा, म्हणजे बोटांत वायर येणार नाही. हे वाक्य मी बोलले तेव्हा माझा आवाज कसा होता ते मला अजून आठवतं. कामाच्या घाईचा, जरासा वैतागलेला. तिनं ते सात महिने पाळलं.

सात महिन्यांनी ती नंबर न लावता खोलीत आली. पास्कूला खिडकीशी आमच्याकडे पाठ करून उभं केलं. त्याला एसटीची चाकं बघायला आवडायची, तो तिथेच रमला. मला म्हणाली, “आता तुमी काय बोलू नका.” पिशवीतून तिनं गोटी सोड्याची रिकामी बाटली काढली आणि दाराशी जाऊन नुसती कलंडवली. आतली गोटी काचेवरून घरंगळली. तो आवाज मला जेमतेम ऐकू आला, आणि माझे कान उत्तम होते.

पास्कू गर्रकन वळला. खोली ओलांडून आईकडे गेला. तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलं नाही. तिचं मनगट धरलं आणि तो हात उचलून बाटलीवर ठेवला, एखादी पक्कड उचलून खिळ्याला लावावी तसा. परत वाजव.

“ऐकतो, पन वळत नाय,” ती म्हणाली. “म्हंजे आपल्याकडं वळत नाय. मी पैल्या दिवशी सांगितलं हुतं.”

मी त्या दिवशी पुढचे पेशंट परत पाठवले. तीक्ष्ण कानाच्या मुलाच्या कानात मी सात महिने आवाज दसपट करून ओतला होता, आणि त्यानं तो थांबवू नये म्हणून त्याचे हात बांधवले होते.

डॉक्टर आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऐकू येतं ना? मग आपल्या खात्याचं काम संपलं. कागदावर त्यांनी ‘मतिमंद’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली. ते प्रश्नचिन्ह म्हणजे त्यांचा मोठेपणा, असं त्यांना वाटत असावं. मग या मुलाला झालंय काय, हे विचारायची जागा वसईत तेव्हा कुठेच नव्हती. फादरांनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सांगितली होती, सासूनं एका भगताकडे नेलं होतं. उरली मुंबई. मी रजा टाकली आणि मायलेकांना घेऊन तिथल्या एका इस्पितळात मुलांच्या मानसिक आजारांच्या विभागात गेले.

पहिल्या खेपेला आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टर रजेवर. तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी पास्कूकडे पाच मिनिटं पाहिलं आणि रेजिनाला सांगितलं की आईच्या मायेत ऊब कमी पडली की मूल असं मिटून घेतं. परदेशातल्या पुस्तकांत तसं लिहिलेलं होतं म्हणे. मी तिथेच भांडायला उठले होते. रेजिनानं माझा पदर धरून मला खाली बसवलं. जिना उतरताना पास्कूला कडेवर घेऊन मधल्याच पायरीवर थांबली.

“मी याला खाली ठेवत नाय बाय,” ती म्हणाली. “आन मी थंड?”

चौथ्या खेपेला त्या विभागाच्या मुख्य डॉक्टर बाई भेटल्या. केस पांढरे, साडी चुरगळलेली. त्या सरळ फरशीवर बसल्या आणि तासभर पास्कूचं झाकण त्याच्याबरोबर फिरवत राहिल्या. मग त्यांनी एक शब्द सांगितला, ऑटिझम. मराठीत याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणाल्या. हा बहिरा नाही, हट्टी नाही, आणि यात आईचा काडीचा दोष नाही. औषध नाही, हे मात्र आधी ऐकून घ्या. शिकवता येतं, हळूहळू, आणि जितक्या लवकर हाती घ्यावं तितकं बरं.

मी विचारलं, लवकर म्हणजे कधी? दोन वर्षांच्या आत लक्षात आलं तर फार चांगलं, त्या म्हणाल्या. पास्कू तेव्हा साडेतीनचा होत आला होता. मधलं जवळजवळ वर्ष माझ्या कागदानं खाल्लं होतं.

कशावरून लक्षात येतं ते मी त्यांच्याकडून केसपेपरच्या पाठीमागे लिहून घेतलं. नावानं हाक मारली तर वळतं का? नजरेला नजर देतं का? हवं ते बोटानं दाखवतं का? काही गंमत दिसली तर तुम्हालाही दाखवायला आणतं का? खोटं खोटं जेवण, खोटा खोटा फोन असलं काही खेळतं का? एकदोन गोष्टींवरून काही ठरत नाही, सगळं एकत्र बघायचं आणि शंका आली तर पाठवून द्यायचं, असं त्यांनी बजावलं.

मी ठरवलं की आपल्या दवाखान्यात येणाऱ्या तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या आईला हे पाच प्रश्न विचारायचे, मग ती कशाहीसाठी आलेली असो. बुधवारी पोलिओचे डोस असायचे, व्हरांड्यात पाळणाघर भरल्यासारखी गर्दी व्हायची. मी खुर्ची टाकून तिथे बसू लागले.

विचारणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. “नजर देतो का?” म्हटलं की आई घाईघाईनं बाळाच्या गालावरची काजळाची तीट ठळक करायची. नजर म्हणजे दृष्ट, दुसरा अर्थ कुणाला सुचायचाच नाही. “बोट दाखवतो का?” यावर एका आजीनं पोराचा पंजा माझ्यासमोर पसरला आणि पाचही नीट आहेत, मोजून घ्या म्हणाली. “हाक मारली तर वळतो का?” तर उत्तर यायचं, याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता, आज बँकेत आहे. सगळ्या वसईतले बाप चार वर्षांपर्यंत मुके होते की काय असं मला वाटू लागलं. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत आई नाही तर सासू उत्तर द्यायची, आणि सासूचं उत्तर एकच असायचं: आमच्यात असलं काही नाही.

मग मी विचारायचं सोडलं आणि करून बघू लागले. बाळापुढे घट्ट झाकणाची डबी ठेवायची, आत बिस्किट. काही मुलं माझ्या तोंडाकडे बघायची, काही डबीकडे बोट करून माझ्याकडे बघायची. एखादं मूल मात्र माझा हात उचलून डबीवर ठेवायचं आणि माझ्याकडे बघायचंच नाही. तसं झालं की मी दुसरं बिस्किट घालून पुन्हा करून बघायची. दोन वर्षांत अशी मोजकीच मुलं मी मुंबईला पाठवली. त्यांतली एकदोनच खरोखर गेली. बाकीच्यांनी रस्त्यात मला बघून वाट बदलली.

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा. आचोळ्याचे जुने शेतकरी, पिकले केस, पांढरंशुभ्र धोतर, दवाखान्यासाठी खरोखर झिजलेला माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं की तक्रारी येताहेत; बाई डोस घ्यायला आलेल्या पोरांना वेडं ठरवतात, म्हणून लोक डोसालाही येणार नाहीत. नोंदवहीत अशा आजाराचा रकाना तरी आहे का, त्यांनी विचारलं. नाही, तोच छापून घ्या म्हणून मी तीन अर्ज दिलेत, मी म्हटलं. ते अर्ज त्यांच्याच टेबलाच्या खणात होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची सून वर्षा कानातला मळ काढायच्या निमित्तानं माझ्याकडे आली. शिकलेली मुलगी, लग्नाआधी शाळेत शिकवायची. मळ काढून झाला तरी उठेना. मांडीवरचा निखिल वीस महिन्यांचा होता.

“ते तुमचे प्रश्न,” ती म्हणाली, “मला विचाराल?”

मी एकेक विचारला. तिनं एकेकाला मान हलवली, नाही, नाही, नाही. डबी पुढे ठेवली. निखिलनं माझी तर्जनी धरली आणि झाकणावर नेऊन टेकवली. वर्षा खिडकीबाहेर बघत राहिली. कान मी तरीही नीट तपासले, तीन दिवस, वेगवेगळ्या आवाजांनी. कान उत्तम होते.

चौथ्या दिवशी अण्णा स्वतः खोलीत आले. दार लावून घेतलं, पेशंटच्या स्टुलावर बसले.

“कमी ऐकू येतं असं लिहा,” ते म्हणाले.

मी म्हटलं, ऐकू येतं त्याला.

“बाई, बहिऱ्याला यंत्र असतं. बहिऱ्याची शाळा असते. लोक म्हणतात, बिचारा बहिरा आहे, पण हुशार आहे. तुमच्या त्या शब्दाचं मी गावात काय करू?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यानंच मला जास्त राग आला. बहिरेपणाला सगळं होतं, प्रमाणपत्र, शाळा, लोकांची दया. या मुलांना नावसुद्धा नव्हतं. मी त्यांना पास्कूची सगळी हकिकत सांगितली, मोजे आणि नाडीसकट. एकदा न कळून लिहिलं, आता कळून लिहिणार नाही, असं म्हटलं. ते उठले, माझ्याकडे न बघता निघून गेले. पुढच्या आठवड्यात मला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. कानाच्या खोलीला कुलूप लागलं. सव्वा वर्ष मी नाव, वय, पत्ता लिहीत बसले, आणि कान दाखवायला आलेल्यांना मुंबईचा रस्ता सांगत राहिले.

पण खिडकीवर बसवण्याआधी मी एक काम करून ठेवलं होतं. वर्षाला मुंबईच्या डॉक्टर बाईंचा पत्ता दिला होता, आणि त्याबरोबर राजोडीचा.

कारण तोवर रेजिनानं आपलं आपण बरंच शोधून काढलं होतं. डॉक्टर बाईंकडे ती दोन महिन्यांतून एकदा जायची. मधले साठ दिवस तीच मास्तरीण. पास्कूनं तिचा हात बाटलीवर ठेवला की ती बाटली हलवायची नाही. थांबायची. बाटली आपल्या डोळ्यांजवळ धरायची. तो रडायचा, लाथा मारायचा, ती थांबायची. कधीतरी चुकून त्याची नजर तिच्या डोळ्यांना लागली की लगेच गोटी वाजवायची आणि म्हणायची, “दे.” हे असं रोज, केळीचे घड उतरवणं, पानं खुडणं, स्वयंपाक, सगळं सांभाळून. पाच वर्षं पूर्ण होता होता पास्कू “दे” म्हणाला. तो शब्द ऐकायला सासूनं शेजारपाजार गोळा केला होता, आणि माणसं बघून पास्कू माचाखाली जाऊन बसला होता.

वर्षा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी निखिलला घेऊन एसटीनं राजोडीला जाऊ लागली. घरी सांगायची, शिवणाच्या वर्गाला जाते. बावखलाच्या काठी, माडांच्या सावलीत त्या दोघी गोणपाट टाकून बसायच्या. शिक्षिका राहिलेली वर्षा विद्यार्थीण, आणि चौथी शिकलेली रेजिना शिकवणारी. मी एकदोनदा जाऊन बघितलं. रेजिना तिच्यावर डाफरायची, एवढ्यात दिलंस? थांबायला शीक. मला ती कधी असं बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

निखिल तीन वर्षांचा होता होता बोलायला लागला. लवकर हाती घेतलं म्हणून की मुळातच त्याचं कमी होतं म्हणून, कोण सांगणार? डॉक्टर बाई म्हणायच्या, दोन मुलांची तुलना करू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी करते. आजही करते.

घरात शिवणाचं सोंग फार दिवस टिकलं नाही. अण्णांना कळलं तेव्हा नातू त्यांना “अण्णा, चाक” म्हणू लागला होता, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. कानाची खोली कुणी काही न सांगता उघडली गेली. एका सकाळी शिपायानं किल्ली माझ्यापुढे ठेवली, एवढंच. माफी वगैरे नाही. मीही मागितली नाही.

निखिल सहाचा झाला तेव्हा शाळेसाठी त्याच्या कानांचं प्रमाणपत्र हवं होतं. मी लिहिलं, दोन्ही कानांनी व्यवस्थित ऐकू येते. अण्णांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, चला माझ्याबरोबर, तिथे विचारतील ते मला सांगता येणार नाही. दोन शाळांत मी सांगितलं. दोन्ही शाळांनी ऐकून घेतलं आणि अशी मुलं आम्ही घेत नाही म्हणून कळवलं. तिसऱ्या शाळेत मी तोंड उघडायच्या आत अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी तो इंग्रजी शब्द मुख्याध्यापकांना सांगितला, ‘अटीजम’ असा. मुख्याध्यापक म्हणाले, कळलं, म्हणजे कमी ऐकू येतं. अण्णांनी टेबलावर हात ठेवला आणि चांगलाच वैतागून म्हणाले, “नाही हो. नीट ऐका. मी पहिल्यापासून सांगतो.” त्यांनी खरंच पहिल्यापासून सांगितलं, पाऊण तास. निखिलला प्रवेश मिळाला.

पास्कू तेव्हा दहाचा होता. त्याच्यासाठी मी आणि रेजिना किती शाळांत गेलो ते सांगत बसत नाही; आमच्यासाठी कुणी पाऊण तास काढला नाही. तो कुठल्याच शाळेत गेला नाही. बापाबरोबर वाडीत पानांच्या चवडी लावायचा, एकसारख्या, एकही पान इकडेतिकडे नाही.

निखिलच्या शाळेची बातमी रेजिनाला सांगायची मला लाज वाटत होती. तरी दुसऱ्याच दिवशी राजोडीला गेले. ती अंगणात भांडी घासत होती. ऐकून घेतलं, चांगलं झालं म्हणाली, आणि घासत राहिली. मग मान वर न करता विचारलं:

“मंगळवारी येईल ना तरी तो? आमचा बेड्यापाशी जाऊन उभा ऱ्हातो. तो आला की आत येतो, नायतर येत नाय.”

बेडं म्हणजे वाडीचं फाटक. पास्कू कुणाची वाट बघतो हे मला माहीत नव्हतं. अशी मुलं कुणाची वाट बघत नाहीत, असं मुंबईच्या इस्पितळातही मला सांगितलं गेलं होतं. मी म्हटलं, शाळा सकाळची आहे, दुपारी येईल, वर्षाला मी स्वतः सांगते.

रेजिनानं हात धुतले, ओट्यावर बसलेल्या पास्कूजवळ गेली आणि म्हणाली, “निखिल येनार हाय. मंगळवारी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. उठला, चपला घातल्या आणि बेड्यापाशी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी शनिवार होता.